चौसष्ट खिडक्यांचा ताबा

प्यो मिरानने त्या इमारतीला चौसष्ट खिडक्या बसवल्या होत्या आणि गेले अकरा महिने ती त्याच खिडक्यांच्या आत राहत होती.

इमारत कोरियातल्या जेचॉन गावच्या बाजारामागे, गल्लीच्या तोंडाशी. खाली गाळे, वर तीन मजले. मालक मेंग गीसोक याने एकच मोठा ठेकेदार नेमण्याऐवजी प्रत्येक कामाला वेगळा माणूस धरला होता: फरशीला एक, विजेला एक, खिडक्यांना मिरान. काम संपता संपता मेंगचे पैसेही संपले, निदान तो तसं सांगू लागला. फरशीवाला आणि वीजवाला निम्म्यावर तडजोड करून निघून गेले. मिरान गेली नाही. तिचे आठ कोटी सत्तर लाख वॉन यायचे होते. काचेच्या कारखान्याचं देणं आणि दोन कारागिरांचे पगार तिने राहतं भाड्याचं घर सोडून त्याच्या अनामत रकमेतून भागवले होते. म्हणजे तिला राहायला घर नव्हतं आणि मेंगच्या घराला राहणारं कोणी नव्हतं. एका सकाळी तिने इमारतीचं कुलूप बदललं आणि दर्शनी भागावर लाल अक्षरांचं कापड टांगलं: ‘कामाचे पैसे थकल्याने ही इमारत ताब्यात आहे. आत येऊ नये.’ तशी कापडं गावात आणखी दोन इमारतींवर होती. त्यातल्या एकाचा रंग उडून पार गुलाबी झाला होता.

कायदा तिच्या बाजूने होता, पण अटी घालून. पैसे मिळेपर्यंत इमारत धरून बसता येईल. मात्र ताबा एकदा सुटला की हक्कही सुटला. शिवाय इमारत फक्त राखायची. राखणीसाठी राहिलं तर चालेल, पण ती दुसऱ्या कुणाला वापरायला द्यायची नाही. दिली, तर मालक कोर्टात जाऊन तो हक्क मोडून घेऊ शकतो.

म्हणून मिरान तिथून हलत नसे. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत तिने लहान तंबू लावला होता, कारण तंबूत ऊब राहते. बुधवारी आणि रविवारी तिचा नवरा साँगदो येऊन दोन-तीन तास बसे, तेव्हा ती सार्वजनिक स्नानगृहात जाऊन अंघोळ करून येई. साँगदोची पाठ शिडीवरून पडल्यापासून कामातून गेली होती. तो बहिणीकडे राहत होता.

मेंगने आधी वीज तोडली, मग पाणी. मार्च गेला, उन्हाळा गेला, तरी बाई हलेना, तेव्हा त्याने दावा लावला: खिडक्या गळतात, सबब पैसे देणं लागत नाही, बाईंनी इमारत सोडावी. मिरानने उलट दावा लावून पूर्ण रक्कम मागितली. कोर्टाने खिडक्या तपासायला एक तज्ज्ञ नेमला आणि नोव्हेंबरातल्या शेवटच्या गुरुवारची तारीख दिली.

त्याच्या दहा दिवस आधी कुमसूनआजी दारात आली. गल्लीत तिचं भाजीचं दुकान होतं. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा.

“मिरान, अगं माझं अंगण नगरपालिकेने खणून ठेवलंय. गटार घालतायत म्हणे. आणि कोबीचा ट्रक उद्या यायचाय.”

“मग?”

“मग काय? तुझा तो मागचा गाळा रिकामाच पडलाय ना! फरशी आहे, पाणी जायला मोरी आहे. पाणी आम्ही शेजारच्या तेलाच्या घाण्यावरून नळी लावून आणू.”

गल्लीतल्या सात बायका दरवर्षी मिळून हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालत. आज एकीची, उद्या दुसरीची. ज्या दिवशी जिची पाळी, त्या दिवशी सगळ्यांचे हात तिच्या कोबीला. नोव्हेंबर आला की जेचॉनमध्ये जिला जागा असेल ती जागा देते, जिच्याकडे मोठं पातेलं असेल ती पातेलं देते. मिरानने आईकडे हेच पाहिलं होतं आणि सासरीही. आजीला नाही म्हणावं असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. तिने कुलूप काढून दिलं. पहिल्याच संध्याकाळी बायकांनी तिच्यासाठी एक मडकं काठोकाठ भरून ठेवलं. जागा देणाऱ्याचं मडकं आधी भरायचं, ही रीतच होती.

मंगळवारी, तपासणीला दोन दिवस असताना, कोर्टाकडून पाकीट आलं. मेंगने नवे फोटो दाखल केले होते. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून काढलेले. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या काचांवरून पाण्याचे ओघळ चालले होते आणि ते आतून होते. एका फोटोत खालच्या कडेला ओघळ गोठून बर्फ झालेला दिसत होता.

मिरानने फोटो खिडकीशी नेऊन उजेडात पाहिले. वीस दिवसांत पावसाचा एक थेंब पडला नव्हता.

ती पहिल्या मजल्यावर गेली. काचा खरंच ओल्या होत्या. गेले काही दिवस सकाळी तिला आपल्या खोलीची काच ओली दिसायची, पण ती श्वासाची वाफ असेल म्हणून तिने लक्ष दिलं नव्हतं. इथे तर कोणीच झोपत नव्हतं. एक खिडकी तिने पूर्ण कोरडी पुसली. चौकट भिंतीला जिथे मिळते तिथल्या सिलिकॉनवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवला. पाणी सांध्यातून येत असेल तर ते प्लॅस्टिकच्या आत साचेल. हवेतून येत असेल तर प्लॅस्टिकच्या आत कोरडं राहील आणि काच भिजेल. मग ती पायरीवर बसून राहिली.

दोन तासांनी काच पुन्हा भिजली होती. प्लॅस्टिकच्या आत सांधा ठणठणीत कोरडा होता.

तेव्हा तिला वास आला. सुकट आणि समुद्री शेवाळाच्या रश्श्याचा, मंद आणि ऊबदार. जिन्याशेजारी लिफ्टसाठी चौकोनी पोकळी सोडली होती. लिफ्ट कधी आलीच नाही. मिरानने त्या पोकळीवर हात धरला. खालून गरम दमट हवा वर येत होती.

खाली मागच्या गाळ्यात दोन मोठ्या शेगड्यांवर किमचीच्या मसाल्यासाठी रस्सा आणि तांदळाच्या पिठाची खळ रटरटत होती. आठ दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. जेवढा गॅस जळतो त्याच्या दीडपटीहून जास्त वजनाचं पाणी नुसत्या जळण्यातूनच हवेत जातं, पातेल्यातली वाफ वेगळी. ते सगळं पोकळीतून वर चढत होतं आणि थंडगार काच भेटली की तिथेच थांबत होतं.

“उभी काय राहिलीस? ये, मुळा किस,” आजी म्हणाली.

मिरान मुळा किसायला बसली. खिडक्या निर्दोष आहेत हे सिद्ध करायला या गाळ्याचं दार उघडावं लागणार होतं. आणि दार उघडलं की आपण जागा दुसऱ्यांना वापरायला दिली हे कोर्टासमोर येणार होतं.

दुसऱ्या दिवशी बुधवार. साँगदो येऊन बसला आणि ती अंघोळीऐवजी कायदेशीर मदत केंद्रात गेली. तिचं प्रकरण पाहणारी वकील युक तिशीतली होती. तिच्या टेबलावर फायलींची इतकी उंच रास असे की समोरच्या माणसाला ती कपाळापासून वरच दिसे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फायली बाजूला सारल्या.

“कोणी पाहिलंय का त्या बायकांना आत येता-जाताना?”

“अख्ख्या गल्लीने.”

“मेंगने?”

“तो समोरच्या गच्चीवर चढतो. मागचं दार त्याला दिसत नाही.”

“त्यांच्याकडून काही घेतलंत? भाडं वगैरे?”

“भाडं नाही. किमचीचं एक मडकं दिलं त्यांनी.”

युकने दोन्ही हातांनी डोळे झाकले. “मिरानताई, अकरा महिने तुम्ही घरच्या लग्नालासुद्धा गेला नाहीत. आणि घालवलंत कशापायी, तर मडक्यापायी!”

“अजून घालवलं नाही.”

“मग घालवू नका. आज संध्याकाळपर्यंत तो गाळा साफ करा. रात्रभर खिडक्या उघड्या टाका, उद्यापर्यंत काचा कोरड्या होतील. तज्ज्ञाने फोटोंबद्दल विचारलं तर म्हणायचं, मला माहीत नाही.”

“तो मग काय लिहील?”

“लिहील की पाण्याचं कारण समजू शकलं नाही, दोष असण्याची शक्यता नाकारता येत नाही. न्यायाधीश रकमेतला साधारण तिसरा हिस्सा कापतील. पण ताबा राहील आणि ताब्याच्या जोरावर उरलेले दोन हिस्से हमखास मिळतील.”

“आणि कारण सांगितलं तर?”

“तर कदाचित पूर्ण रकमेचा निकाल लागेल. पण ताबा जाईल. इमारत बँकेकडे गहाण आहे, ताबा गेला की आधी बँक उभी, तुम्ही तिच्या मागे. निकालाचा कागद हातात असेल, पैसे असतीलच असं नाही.” युकने पेन खाली ठेवलं. “मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाहीये. फक्त न विचारलेलं सांगू नका.”

“‘मला माहीत नाही’ हे खोटंच झालं की.”

मिरान परत आली तेव्हा साँगदो तंबूच्या तोंडाशी बसून संत्रं सोलत होता. तिने त्याला सगळं सांगितलं.

“दोन हिस्से घेऊन मोकळं होऊ या,” तो म्हणाला. “माझ्या बहिणीचा नवरा हल्ली मला बघितलं की टीव्हीचा आवाज वाढवतो.”

“आणि तिसरा हिस्सा खिडक्या गळतात म्हणून सोडायचा?”

“हो.”

“त्या गळत नाहीत.”

“मला माहीत आहे गं.”

“कोर्टाच्या कागदाला माहीत नाही. बावीस वर्षं याच गावात खिडक्या बसवतेय मी. तो कागद उद्या प्रत्येक गिऱ्हाईक मला दाखवेल. आणि नाही दाखवला कोणी, तरी मला तो माहीत असेल.” साँगदोने अर्धं संत्रं तिच्या हातावर ठेवलं.

“बहिणीच्या नवऱ्याला सांगतो, कानाचं यंत्र घे म्हणून,” तो म्हणाला. “तुला ठरवायचं ते ठरव. पण अर्धवट नको करू. सांगायचं तर सगळं सांग.”

संध्याकाळी बायका आवराआवर करत असताना ती खाली गेली. गल्लीत बातमी आधीच पोचली होती. साँगदोला पोटात काही ठेवता येत नसे. कुमसूनआजी एका पालथ्या टोपल्यावर बसली होती आणि पहिल्यांदाच तिचा आवाज हळू होता.

“आमच्यामुळे झालं ना गं हे? आता हातगाड्या आणतो, तासाभरात सगळं बाहेर काढतो. इथे एक पान सापडायचं नाही कुणाला.”

“उद्या पाळी कुणाची?”

“माझीच. शेवटची. दोनशे कोबी. पण ते जाऊ दे, मी रस्त्यावर घालीन.”

“रस्त्यावर नको. उद्या नेहमीसारखं करा. तेवढाच रस्सा, तेवढीच खळ, शेगड्याही दोन्ही. सकाळी आठला पेटवा.”

“डोकं फिरलंय का तुझं?”

“रोज जे होतं तेच उद्या व्हायला पाहिजे, आजी. कमी नको, जास्त नको. नाहीतर तो माणूस विश्वास कसा ठेवेल? आणि तुमचा कोबी तोलायचा काटा मला द्या. गॅसच्या टाक्या पेटवण्याआधी तोलायच्या आहेत.”

आजी टोपल्यावरून उठली. मग बाकीच्या बायकांकडे वळून ती आपल्या मूळच्या आवाजात ओरडली, “ऐकलंत का? उद्या आठ! आणि नट्टापट्टा करून या, कोर्टाचा माणूस येतोय!”

गुरुवारी दहा वाजता तज्ज्ञ चोन आला. मध्यमवयीन, सडपातळ, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्याच्यामागून मेंग आणि मेंगचा वकील. युकही आली, पण ती मिरानकडे पाहत नव्हती.

चोनने बोलणं कमी आणि काम जास्त केलं. बाहेरून एका आडव्या नळीने निवडलेल्या प्रत्येक खिडकीच्या चौकटीवर पंधरा मिनिटं पाणी मारलं, आतून सांध्यांना कोरडा कागद लावून पाहिला. प्रत्येक मजल्यावर चार-चार खिडक्या अशा तपासल्या. कागद कोरडा निघाला की तो वहीत खूण करी. बारा खुणा झाल्या. बारा वेळा कागद कोरडा.

“ते सांधे राहू द्या हो,” मेंग शेवटी म्हणाला. तो धिप्पाड माणूस होता, बोलताना गळपट्टा सारखा नीट करायचा. “काचा बघा ना. हे पाणी काय आभाळातून पडलं? का खिडक्यांना घाम फुटलाय?”

“घामच आहे,” मिरान म्हणाली.

चोनने बोट काचेवरून फिरवलं. “आतल्या बाजूने ओली आहे, एवढं मी लिहू शकतो. का ओली आहे ते मला ठाऊक नाही. या इमारतीत वीज नाही, पाणी नाही. एवढा दमटपणा येतो कुठून?”

युक पुढे आली. “साहेब, ते आज समजलंच पाहिजे असं नाही.”

“मला माहीत आहे,” मिरान म्हणाली. “माझ्याबरोबर खाली चला.”

“खाली काय आहे?” मेंगच्या वकिलाने विचारलं. त्याचा स्वर सहज होता, पण त्याने फोन खिशातून बाहेर काढला होता. मिरानने ते पाहिलं. ती जिना उतरली, मागच्या गाळ्यापाशी गेली आणि दार पूर्ण उघडलं.

आतून वाफेचा लोट बाहेर आला. चोनच्या चष्म्यावर धुकं धरलं. सात बायका रबरी हातमोजे घालून कोपरापर्यंत तिखटाने लाल झालेल्या, मधे कोबीची टेकडी, कोपऱ्यात दोन पातेली उकळतायत. कुमसूनआजीने ओठांना खरंच लाली लावली होती.

“या, या! दार लावून घ्या, खळ गार होतेय!”

मेंगचा वकील फोटो काढू लागला. एक, दोन, दहा. त्याचा आनंद त्याला लपवता येईना. “आजीबाई, किती दिवस वापरताय ही जागा?”

“आज दहावा.”

“मालकांना विचारलं होतं?”

“कोण मालक? हा?” आजीने मेंगकडे मान वळवली. “याच्या आईने आमच्याच अंगणात वीस वर्षं किमची घातली. याचे कोबी मी धुतलेत. घटकाभर बसायच्या जागेसाठी काय विचारायचं असतं?”

“बरं. मग जागेचं काय देता या बाईंना?”

युक म्हणाली, “आजी, उत्तर द्यायची गरज नाही.”

“का नाही? चोरी केलीय का मी?” आजी उसळली. “हिचं मडकं भरलं पहिल्या दिवशी. जागा देणाऱ्याचं आधी भरतात, तुझ्या घरी नाही का शिकवलं कुणी?”

“म्हणजे जागेच्या बदल्यात वस्तू दिली,” वकिलाने लिहून घेतलं. त्याने मिरानकडे वळून विचारलं, “हे खरं आहे?”

“खरं आहे,” मिरान म्हणाली. मग ती चोनकडे वळली. “या दोन टाक्या सकाळी आठला मी तोलल्या आहेत. आकडे भिंतीवर लिहिलेत. आत्ता पुन्हा तोला. जेवढा गॅस कमी झालाय त्याच्या दीडपटीहून जास्त पाणी या हवेत आहे. पातेल्यातलं वेगळं. ती पोकळी बघा, वरपर्यंत उघडी आहे.”

चोनने चष्मा पुसला. प्रथम त्याने भिंतीवरचे आकडे वाचले, मग स्वतः वाकून टाक्या काट्यावर चढवल्या. दमटपणा मोजायचं यंत्र त्याने गाळ्यात धरलं, पोकळीत धरलं, मग एकेका मजल्यावर जाऊन धरलं. परत आल्यावर त्याने पहिल्यांदा स्वतःहून एक सूचना केली.

“शेगड्या बंद करा. पुढचं शटर आणि मागचं दार उघडं ठेवा. काचा मी स्वतः पुसतो. दोन तासांनी बघू.”

“माझी खळ!” आजी म्हणाली.

“खळ झाकून ठेवा, आजी,” मिरान म्हणाली.

दोन तास सगळे थंडीत थांबले. बायकांनी उकडलेलं डुकराचं मांस कापून ताज्या किमचीच्या पानात गुंडाळलं आणि आजीने एक घास थेट चोनच्या तोंडासमोर धरला.

“मला पक्षकारांकडचं काही खाता येत नाही,” चोन मागे सरकत म्हणाला.

“मी कसली पक्षकार? मी कोबीवाली!”

तरी त्याने खाल्लं नाही. मात्र तो त्या घासाकडे जरा जास्त वेळ पाहत राहिला, असं बायकांनी नंतर गल्लीभर सांगितलं.

मेंग मिरानला शटरपाशी गाठून उभा राहिला. “काकू, ताबा तर गेला तुमचा. आत्ताच. माझ्या वकिलाच्या फोनमध्ये आहे तो. पण मी काही वाईट माणूस नाही. निम्मे घ्या, फोटो पुसून टाकायला सांगतो. पैसे हातात पडेपर्यंत ताबाही राहील, भांडणही मिटेल. गिऱ्हाईक आलंय मला इमारतीला. मला घाई आहे, तुम्हालाही असेलच.”

मिरानला घाई होती. तिच्या गुडघ्यांना होती, साँगदोच्या पाठीला होती. जानेवारीत त्या तंबूत पाण्याची बाटली गोठायची.

“फोटो राहू द्या,” ती म्हणाली. “त्यात वाफ चांगली आली असेल.”

दोन तासांनी चोन वर गेला. काचा कोरड्या होत्या. त्याने वहीत काय लिहिलं ते कोणाला दाखवलं नाही. जाताना त्याने मिरानच्या भिंतीवरच्या आकड्यांचा तेवढा फोटो काढला.

निकाल फेब्रुवारीत लागला. चोनने लिहिलं होतं की खिडक्यांत कसलाही दोष नाही. पाणी शेगड्यांच्या वाफेचं. न्यायाधीशांनी मेंगला पूर्ण रक्कम व्याजासह द्यायला सांगितली. आणि मिरानने जागा मालकाच्या संमतीविना दुसऱ्यांना वापरू दिली, त्याबद्दल मोबदलाही घेतला, म्हणून ताब्याचा हक्क संपला; तिने इमारत तीस दिवसांत रिकामी करावी.

कोर्टाच्या ओसरीत युक फाईल छातीशी धरून उभी राहिली. “अर्धं जिंकलो. मी सांगितलं होतं तेच झालं. वरच्या कोर्टात जायचं का, ताब्यासाठी?”

“रक्कम पूर्ण लिहिली आहे ना?”

“पूर्ण. लगेच वसूल करता येईल असंही लिहिलंय. पण वसूल कशातून करणार? बँक आधी आहे.”

मिरानने पिशवीतून एक कागद काढला. इमारतीचा नोंदणी उतारा होता, आदल्याच दिवशी काढलेला. “बँकेचं एवढं आहे. बाजारभाव एवढा. लिलाव झाला तर भाव पडेल आणि मला किती उरेल ते माहीत नाही. पण लिलावाची नोंद या उताऱ्यावर चढली तर मेंगचं गिऱ्हाईक सही करेल का?”

“शुद्धीवर असेल तर नाही करणार.”

“मग लिलावाचा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा?”

युकने तिच्याकडे पाहिलं, मग फाईल काखेत मारली. “तीन नंबर. जेवणाची सुटी व्हायला चाळीस मिनिटं आहेत. चला.”

तीस दिवस पुरे व्हायच्या आधीच मिरानने इमारत सोडली. साँगदोने लाल अक्षरांचं कापड उतरवून घडी केली, बायकांनी तंबू आणि मडकं हातगाडीवर घातलं. मिरान एकेका मजल्यावर जाऊन प्रत्येक खिडकी सरकवून पाहत होती. एकोणचाळिसाव्या खिडकीचं चाक जरा घासत होतं. तिने ते काढून तेल दिलं, पुन्हा बसवलं.

मेंग किल्ली घ्यायला आला तेव्हा त्याचा गळपट्टा वाकडाच होता. “काकू, हे काय केलंत तुम्ही? इमारत सोडताय आणि तिच्यावर लिलावाची नोंद टाकताय?”

“सोडायला कोर्टाने सांगितलं. सोडली.”

“गिऱ्हाईक पळेल माझं!”

“मग गिऱ्हाईकाला सांगा, किमतीतले माझे पैसे परस्पर माझ्या खात्यात भरायला. खातं निकालाच्या कागदावर आहे.”

“किती कमी कराल?”

“काही नाही.”

“थोडं तरी. माणुसकी म्हणून.”

“कमी करायचं तर खिडक्यांत काहीतरी कमी असायला हवं,” मिरान म्हणाली. “वर जाऊन बघून या. मी थांबते.”

तो वर गेला नाही.

बारा दिवसांनी तिच्या खात्यात तीनपैकी दोन हिस्से जमा झाले आणि पाठोपाठ मेंगचा फोन आला. अर्ज मागे घ्या, उरलेलं महिन्याभरात नक्की देतो, माझा शब्द. मिरान तेव्हा बाजारातल्या एका दवाखान्याच्या खिडकीचं माप घेत होती. टेपचं दुसरं टोक साँगदोने धरलं होतं.

“महिनाभराने द्या,” ती म्हणाली. “अर्जही महिनाभराने मागे घेईन. व्याज चालू राहील, तेवढं लक्षात ठेवा.”

तिने फोन ठेवला आणि माप पुन्हा घेतलं, कारण मधे बोलल्यामुळे आकड्याबद्दल तिला खात्री राहिली नव्हती.

शेवटचा हिस्सा आठवडाभरातच आला, व्याजासकट. मिरान कोर्टात जाऊन तीन नंबरच्या खिडकीपुढे रांगेत उभी राहिली. कारकुनाने अर्ज मागे घ्यायचा कागद पुढे सरकवला आणि मान वर न करता विचारलं, “तडजोड झाली का? किती टक्क्यांवर?”

“तडजोड नाही,” ती म्हणाली. “पूर्ण मिळाले.”

कारकुनाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग शिक्का मारला.